हत्तीतलावाचं बिंब

हत्तीतलावाचं बिंब पडद्यावर पहिल्यांदा हललं, तेव्हा हिवराज वलथरेनं हात लुंगीला पुसला आणि एक बोट हळूच पडद्याला टेकवलं. पाणी ओलं लागेल अशी त्याची अपेक्षा असावी. लागलं नाही, तरी बोट काढायला तो तयार होईना. पडद्यावर त्याचाच तलाव होता. तीच पाळ, तोच जांभळीखालचा उथळ कोपरा, पाटाच्या तोंडाशी असलेली तीच खोल बाजू, आणि त्यात लाल, निळे, हिरवे ठिपके इकडून तिकडे सरकत होते.

"हे लाल का होय?" त्यानं विचारलं.

"मरळ," त्याची पोरगी आचल म्हणाली. "निळी म्हंजे रोहू-कतला. हिरवा आपला चिला."

"आन आमी?"

पाळीच्या कडेला काळ्या ठिपक्यांची रांग होती, ती आचलनं दाखवली. "हे तुमी. आपला ढिवरटोला."

हिवराजनं वाकून ते ठिपके निरखून पाहिले. "याच्यात मी कोनचा?"

आचल हसली आणि सगळ्यात पुढच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष असलेला हिवराज खूश झाला. पुढं आठवडाभर तो भेटेल त्याला सांगत होता की नागपुरात एका काचेमागं आपण सगळे जण राहतो आणि मी सगळ्यांच्या पुढं आहे.

खैरीटोला हे गाव भंडाऱ्याकडचं, ढिवरटोला ही त्यातली मासेमारांची वस्ती, आणि हत्तीतलाव कुण्या जुन्या मालगुजारानं बांधलेला. नागपूरच्या एका संस्थेत तेव्हा 'जलबिंब' नावाचा प्रकल्प सुरू झाला होता. प्रत्येक तलावाचं संगणकात हुबेहूब बिंब घडवायचं आणि तलावात पुढं काय होणार ते त्या बिंबाला विचारायचं, अशी कल्पना. बिंबं घडवायला शिकणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीत आचल होती. सरावासाठी प्रत्येकानं एक तलाव निवडायचा होता. बाकीच्यांनी नकाशा पसरून निवडले. आचलला नकाशा लागला नाही.

शिकवायला खानझोडे मॅडम होत्या. बोलणं कमी, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहील असं. "तलाव म्हणजे पाणी नव्हे," त्या पहिल्याच तासाला म्हणाल्या. "कोण कुणाला खातं आणि कोण कुणाला जागा देतं, हा जो व्यवहार अखंड चालू असतो, तो तलाव. पाणी ही फक्त त्याची बसायची जागा."

मग त्यांनी तो व्यवहार मांडून दाखवला. पाण्याखाली चिला, म्हणजे तळाला रुजलेलं पाणगवत, वाढला की शेवाळाच्या तोंडचं खत तोच खाऊन टाकतो आणि पाणी निवळतं. पाणी निवळलं की ऊन तळापर्यंत पोचतं, चिला आणखी वाढतो, आणि त्याच्या आडोशाला मासे अंडी घालतात. चिला उपटला गेला तर सगळं उलट्या दिशेनं चालतं. शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं, ऊन खाली पोचत नाही आणि उरलासुरला चिलाही मरतो. म्हणजे तलावाला स्थिर बसायला दोनच जागा, एक निवळ आणि एक हिरवी. वाईट गोष्ट अशी की एकीवरून दुसरीवर तो हळूहळू सरकत नाही. बरीच वर्षं काही झाल्यासारखं दिसतच नाही आणि मग एखाद्या मोसमात तो उलटतो. उलटलेला तलाव परत यायला माणसाचं अख्खं आयुष्य कमी पडतं.

या सगळ्या देण्याघेण्याची समीकरणं मांडायची, तलावात रोवलेल्या यंत्रांकडून आजची स्थिती भरून घ्यायची आणि संगणकाला म्हणायचं, चालव. तो अख्खं वर्ष चालवून दाखवतो. एकदा नाही, हजारदा. दर वेळी वाऱ्यापावसात थोडा फरक करून. हजारही तलाव शेवटी एकाच जागी पोचले तर अंदाज पक्का. हजार दिशांना पांगले तर बिंबाला काही कळलेलं नाही. वर्ष सरलं की खऱ्या तलावात काय झालं ते बघायचं. अंदाज आणि खरं यांच्यात जे अंतर पडतं ती चूक, आणि ती चूक बिंबाला परत भरवायची. बिंब चुका खाऊनच मोठं होतं.

आचलचं बिंब मोठं होईना. इतरांची चूक वर्षागणिक घटत होती, तिची होती तिथंच. तिच्या हजार हत्तीतलावांची तोंडं हजार दिशांना. वर्गातली पोरं म्हणायची, तुझा तलाव तुझ्यासारखाच आहे, उद्या काय करेल सांगता येत नाही. ती वरून हसायची आणि आतून जळायची. शेवटी एका दुपारी तिनं चुकीचेच तुकडे पाडले. कोणती चूक वाऱ्यानं, कोणती पावसानं, कोणती माणसांनी, असं एकेक वेगळं करत गेली. सगळं वजा केल्यावर एक मोठा तुकडा उरला. तो कशाचा हे कळलं तेव्हा ती खुर्चीत मागं रेलून हसत सुटली.

तो दिव्याचा होता.

खैरीटोल्यात आखाडीच्या, म्हणजे आषाढी पौर्णिमेच्या, सांजेला पळसाच्या पानांच्या द्रोणात दिवा ठेवून तो तलावात सोडायचा रिवाज होता. दिवा विझायचाच, आषाढाच्या वाऱ्यात कुठला टिकतो. पण द्रोण वाहत जाऊन ज्या कोपऱ्याला लागे, त्या कोपऱ्यात पुढच्या आखाडीपर्यंत कुणी जाळं टाकत नसे. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. हिवराजला विचारलं तर तो म्हणे, बाप करत होता म्हणून. एखाद्या वर्षी जांभळीचा कोपरा सुटे, एखाद्या वर्षी पाटाचा, कधी लागोपाठ दोन वर्षं एकच. आता कोणता कोपरा रिकामा राहणार हे वाऱ्याच्या एका झुळकीवर ठरत असेल, तर बिचाऱ्या बिंबानं सांगायचं तरी काय?

त्या उन्हाळ्यात ती घरी आली. जेवताना तिनं बापाकडं मागणं घातलं.

"बाबा, एकच वर्स. यंदा दिवा नका सोडू. कोपरा बिंब सांगीन तो राखू. माही परीक्षा हाये याच्यावर."

तिच्या मायनं, कौतिकानं, ताटात भात वाढता वाढता हात थांबवला. द्रोण ती शिवायची, तिच्या सासूनंतर तीच. "दिव्यानं का बिघडवलं तुह्या परीक्षेचं?" तिनं विचारलं.

"बिघडवलं नाई, माय. फक्त तो कोठी जाईन ते समजत नाई."

"मंग? समजाले कायले पायजे?"

आचलनं तो प्रश्नच गावंढळ ठरवून टाकला; त्या वयात ते सोपं असतं.

समाजमंदिरात मच्छीमार संस्थेची बैठक झाली. कवडूआजा सगळ्यात म्हातारा. तो काठी आपटून म्हणाला, दिवा सोडला नाही तर तलाव माणूस मागते, कोणीतरी बुडून मरते. दोघंतिघं त्याच्या बाजूनं बोलले. हिवराज उठला. पोरगी मागच्या सतरंजीवर बसली होती. त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, तिनं मान हलवली, आणि मग तो म्हणाला, "माह्या पोरीचा शब्द तो माहा शब्द. काई झालं तं मले विचारा." अध्यक्षानं एवढं म्हटल्यावर कोण काय बोलणार. त्या वर्षी दिवा सुटला नाही. द्रोणासाठी आणलेली पानं मायनं पोह्यांसाठी वापरली.

बिंबानं पाटाच्या तोंडाशी असलेला खोल कोपरा राखायला सांगितला. बाकीचे तीन खुले.

कोणी बुडालं नाही. कवडूआजाचं तोंड बंद झालं. उलट त्या साली जाळी भरभरून निघाली, आणि किती निघणार, कुठं निघणार, हे बिंबानं आधी सांगितल्याबरहुकूम. ढिवरटोला तोंडात बोटं घालायचा बाकी राहिला. सकाळी फोनवर अंदाज यायचा, मरळ अमुक बाजूला, आणि मरळ अमुक बाजूला असायची. आचलची चूक एका वर्षात अर्ध्यावर आली. खानझोडे मॅडमनी सगळ्या तुकडीसमोर तिचा पडदा लावला.

एका वर्षाची दोन वर्षं झाली आणि मग कुणी दिव्याचं नावही काढलं नाही. आचल प्रकल्पातच नोकरीला लागली. आता बिंबं नुसते अंदाज सांगत नव्हती, प्रत्येक गावाला सल्ला देत होती: इथं जाळं टाका, हे राखा. कधी कधी दोन सल्ले तोलामोलाचे निघत. तेव्हा कुठला द्यायचा? हत्तीतलावासाठी पहिल्याच वर्षी लिहिलेला एका ओळीचा नियम आचलनं पुढं केला. दोन्ही सारखे असतील तर ज्याचा परिणाम खात्रीनं सांगता येतो, तो द्यायचा. कुणालाही पटेल असाच नियम होता. जिल्ह्यातल्या सगळ्या बिंबांना तो लागू झाला.

रोज सांजेला बिंबाकडून संस्थेच्या अध्यक्षाला फोनवर एक प्रश्न यायचा: आज तलावावर वेगळं काही घडलं का? यंत्रांना न दिसणारं काही असलं तर कळावं म्हणून हा प्रश्न. हिवराज अंगठ्यानं एकेक अक्षर शोधून उत्तर लिहायचा. 'बगडे आले लय.' 'रामाची म्हैस गाळात फसली, काहाडली.' 'जांभळीखाली कासव दिसला.' आचल नागपुरात बसून ती उत्तरं वाचायची. बापालाही ते ठाऊक होतं, म्हणून मधूनच तो 'आचलच्या मायले खोकला हाये' असंही लिहायचा. बिंब त्याचं काय करत असेल देव जाणे. आचल मात्र त्या रात्री घरी फोन करायची.

मग ती उत्तरं आखूड होत गेली. 'बगडे कमी.' 'काही नाही.' पुढं पुढं नुसतंच 'नाही'. बाप म्हातारा होतोय, कंटाळत असेल, अशी तिनं समजूत करून घेतली.

प्रकल्पाच्या भिंतीवर एक फलक होता. कोणत्या तलावाच्या बिंबाची अचूकता किती, ते त्यावर क्रमानं दिसायचं. हत्तीतलाव चांगला वर होता, पण पहिला नंबर भोंडकी नावाच्या तलावाचा. चूक जवळजवळ शून्य. आचलला त्याचं कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही. असं काय केलं असेल भोंडकीच्या लोकांनी, ते बघून यावं म्हणून एका रविवारी ती गाडी काढून गेली.

पाळीवर चढली आणि थबकली. तलाव काठोकाठ भरलेला होता, आणि हिरवा. रंग लावलेल्या फरशीसारखा सपाट हिरवा. बगळा नाही, पाणकोंबडी नाही, बेडूकसुद्धा नाही. काठाला बेशरमाची झुडपं माजलेली. पलीकडं एका घराच्या परसात मासे धरायचं जाळं ताणून बांधलं होतं आणि त्यावर कारल्याचा वेल चढला होता. एक बाई कारली तोडत होती.

"काकू, मासोरी निघते का इथं?" आचलनं विचारलं.

"मासोरी? नाई बापा. मांगच्या सालापासून नाई." बाईचा आवाज अगदी साधा होता. "पन फोन खोटं बोलत नाई हं. तो म्हनते मासोरी नाई, तं नाईच रायते."

आचल पाळीवरून उतरली. ती तशीच नागपूरला परतली, आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या कचेरीत बसून तिनं फलकावरचे सगळे तलाव एकेक करून उघडले. अचूकता एका बाजूला, तलावातल्या जिवांची विविधता दुसऱ्या बाजूला. एक वर गेली की दुसरी खाली आलेली. एकही तलाव याला अपवाद नव्हता.

मेलेल्या तलावाचा अंदाज कधी चुकत नाही. उद्या काय होईल? आज आहे तेच. जिवंत तलाव चुकवतो. त्यात मासा अनपेक्षित कोपऱ्यात अंडी घालतो, चिला नको तिथं उगवतो, वारा फिरतो. बिंब दर वर्षी सल्ला देत होतं, लोक तो पाळत होते, आणि पाळल्यामुळं तलाव जसा बदलला त्यावरूनच बिंब पुढं शिकत होतं. दोन सारख्या सल्ल्यांतून ते दर वेळी खात्रीचा निवडत होतं, आणि खात्रीचा म्हणजे ज्यात जीव कमी वळवळतो तो. हत्तीतलावात त्यानं पाटाजवळचा खोल कोपरा राखला, कारण तिथं चिला नव्हता, अंडी नव्हती, कसली भानगडच नव्हती. चिल्याचे तिन्ही कोपरे जाळ्यांखाली दिले. दर वर्षी तेच तीन. पूर्वी त्यांतला एखादा वर्षभर दम खायचा, दिव्याच्या मर्जीनं. बिंबाला तलाव मारायचा नव्हता. त्याला फक्त चुकायचं नव्हतं, आणि ही हौस त्याला आचलनं एका ओळीत शिकवली होती.

वर्षापुढचं कुणी बिंबाला विचारतच नसे. तिनं विचारलं. हजार हत्तीतलाव पुढच्या वर्षीच्या आखाडीपर्यंत चालवले. नऊशेच्या वर हिरवे झाले. मग त्याच हजारांत तिनं दिवा सोडला. हजारांच्या हजार दिशा झाल्या, पडदा गजबजला, काही सांगता येईना. पण बहुतेक सगळे निवळ होते. ती पडद्यासमोर बसून रडली.

सोमवारी खानझोडे मॅडमनी सगळं शांतपणे पाहिलं. "तू म्हणतेस ते चूक नाही," त्या म्हणाल्या. "पण यंत्राला हेतू नसतो, आचल."

"नसतो, मॅडम. हेतू माझा होता. मी लिहिला."

"नियम बदलायचा तर समितीपुढं जावं लागेल. समिती मोसमानंतर बसते." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्यांना मी काय दाखवू? अंदाज चुकायला लागतील असा बदल करा, म्हणून सांगू? लोक या अंदाजांवर जगताहेत."

"तोवर आमचा तलाव उलटेल."

"मग तू घरी जा," मॅडम म्हणाल्या. "तिथं तरी तुझं ऐकणारा माणूस आहे."

आखाडीच्याच दिवशी ती निघाली. आचल घरी पोचली तेव्हा हिवराज ओसरीवर जाळ्याची भोकं सांधत होता. तिनं बापासमोर बसून सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. मीच चुकले, म्हणाली. दिवा परत सोडू, म्हणाली. फोन काढून हजार तलाव त्याला दाखवले, पुढच्या वर्षीच्या आखाडीचे, हिरवेगार.

हिवराजनं फोन डोळ्यांजवळ धरला. "हे बिंबानं सांगतलं?"

"हो, बाबा."

"पुढच्या साली मासोरी नाई म्हनते?"

"आपन असंच करत रायलो तं नाई. म्हनूनच म्हनते..."

पण पुढचं हिवराजच्या कानात शिरलं नसावं. तीन वर्षं त्यानं रोज सकाळी अंदाज वाचला होता आणि एकदाही तो खोटा निघाला नव्हता. त्यात 'असं केलं तर' आणि 'तसं केलं तर' कधी नसायचं. असायचं ते घडायचं. "बिंब म्हनते तं होईनच," तो म्हणाला. आवाजात दुःख होतं, पण शंका नव्हती. "मंग दिवा सोडून का होते, बाई?"

"बाबा, ते होऊ नये म्हनून तं मी आली."

"तूच तं सांगतलं होतं, तो चुकत नाई."

त्या दुपारीच समाजमंदिरात बैठक बसली. आचल उभी राहून तळमळून बोलली. सगळ्यांनी ऐकूनही घेतलं. ढिवरटोल्यात आता तिच्या शब्दाला वजन होतं, आणि दैवानं नेमका तिथंच घात केला. तिच्या बोलण्यातलं एकच वाक्य लोकांनी उचललं: पुढच्या साली मासे नाहीत. कवडूआजा, ज्यानं दिव्यासाठी काठी आपटली होती, तोच पहिला म्हणाला, "मंग यंदाच काहाडून घ्या ना. ठेवून कोनासाठी?" हलणाऱ्या माना वाढत गेल्या. हिवराजनं या खेपेला पोरीकडं पाहिलं नाही. उद्या पहाटे सगळी जाळी एकदम, असं ठरलं.

आचलनं समाजमंदिराच्या पायरीवर बसून फोन उघडला. बैठकीचा निर्णय संस्थेच्या खात्यातून बिंबाला गेला होता. नऊशेचे हजार झाले होते. पडद्यावरचे सगळे तलाव एकाच दिशेला तोंड करून उभे होते, आणि कोपऱ्यात अचूकतेचा आकडा चढलेला.

घरी माय पळसाची पानं घेऊन बसली होती. बैठकीत काय झालं ते तिनं विचारलं नाही. द्रोण शिवून झाला तशी ती म्हणाली, "चाल."

दोघी मायलेकी पाळीवर गेल्या. उजेड अजून होता. मायनं दिवा लावला, आचलनं द्रोण पाण्यावर ठेवला. वाऱ्यानं दिवा लगेच विझवला. द्रोण आधी पाटाकडं निघाला, मग मध्येच अडला, गरगरला, आणि तिरका होत जांभळीच्या उथळ कोपऱ्यात जाऊन चिल्याला टेकला. तिथं पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका वरखाली होत होता. मरळीची पिल्लं. त्यांच्या खाली नर-मादी राखणीला असतात, हे खैरीटोल्यात लेकराला ठाऊक असतं. कौतिकानं हात जोडले. आचलनंही जोडले, आणि आपण कुणाला हात जोडतोय असा प्रश्न तिला पडला नाही.

हिवराजनं ते ओसरीवरून पाहिलं होतं. फोनवर रोजचा प्रश्न आला तेव्हा त्यानं इमानदारीनं लिहिलं: 'मुलीनं दिवा सोडला.' पहिल्यांदाच बिंबाकडून उलट उत्तर आलं. 'नोंद झाली. अंदाजात बदल नाही.' त्यानं ते आचलला दाखवलं, समजूत काढावी तसं.

सकाळी अंदाज आला: मरळ, जांभळीचा कोपरा.

आचल बापाच्या डोंग्यापुढं पाण्यात आडवी उभी राहिली, कमरेपर्यंत. "बाबा, तो कोपरा सोडा. एवढा एकच."

हिवराज डोंग्यातून उतरला, पोरीला दोन्ही खांद्यांना धरून त्यानं बाजूला केलं. जोर लावला नाही. लहानपणी ती वाटेत झोपलेली असायची तेव्हा उचलायचा, तसंच. "सर, बाई. सारे आले हाये. मी नाई टाकलं तं दुसरा टाकीन."

जाळं जांभळीखाली पडलं. ओढताना चिल्याचे गुंते मुळांसकट वर येत होते. मरळी निघाल्या, मोठ्या, काळ्याभोर, एवढ्या की दोन डोंगे कमी पडले. द्रोण कुणाच्या तरी पायाखाली चेपून गाळात गेला. तांबूस पिल्लं राखणीविना पाण्यावर तशीच घुटमळत होती, आणि पाणसापांनी की बगळ्यांनी, कोणी संपवली ते कुणी पाहिलं नाही. मासे ओतून झाल्यावर हिवराजनं आकडा आणि अंदाज ताडून पाहिले. "जेवढं सांगतलं तेवढंच," तो म्हणाला. त्या दिवशी घरात मरळीचा रस्सा झाला. मायलेकींनी भातावर मीठ घेतलं.

पाऊस सरला, थंडी आली. माघात पाण्याला हिरवट झाक आली आणि चैत्रात ती झाक राहिली नाही, पाणीच हिरवं झालं. समितीनं मोसमानंतर आचलचा नियम बदलला. खानझोडे मॅडमनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. ज्या तलावांत अजून काही शिल्लक होतं, त्यांतले काही वाचतीलही. हत्तीतलावाला त्याचा उपयोग नव्हता. उलटलेल्या तलावाला कुठलाही सल्ला सारखाच.

पुढच्या आखाडीला आचल घरी होती. सकाळी फोन वाजला. हिवराजनं अंदाज वाचला आणि तरी जाळं खांद्यावर टाकून निघाला. आचल पाठोपाठ गेली. पाळीवर ढिवरटोला जमला होता. हिवराजनं एकट्यानं डोंगा लोटला, जांभळीच्या कोपऱ्यात नेला, जाळं फेकलं, थांबला, ओढलं. हिरवा चिकट लगदा वर आला आणि बोटांमधून गळून गेला. पाटाच्या कोपऱ्यात तेच. मधोमध तेच.

डोंगा काठाला लागला. हिवराज उतरला आणि दर वर्षीच्या सवयीनं त्यानं लोकांना आकडा सांगितला. "अंदाज शून्य होता. शून्यच हाये." मग त्यानं पोरीकडं पाहिलं, त्या पहिल्या बैठकीत पाहिलं होतं तसं, तिनं मान हलवावी म्हणून. "एकदम बरोबर सांगतलं, बाई, तुह्या बिंबानं."

आचलची मान हलेना. नागपूरच्या भिंतीवर त्या दिवशी हत्तीतलाव पहिला आला होता, हे तिला ठाऊक होतं.

सांजेला ओसरीवर फोन उजळला. आज तलावावर वेगळं काही घडलं का? हिवराजनं एकदा पाळीकडं पाहिलं. तिथं पाणी हलत नव्हतं. मग अंगठ्यानं अक्षरं शोधत त्यानं लिहिलं, 'नाही', आणि फोन उशाला ठेवून दिला.